घोळ : तण कीं भाजी ?

पावसाळा लागून पहिली खुरपणी सुरू झाली कीं आमच्या सभासदांत दरसाल एक वाद निघतो, तो घोळीविषयींचा. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, घोळ हें बागाइतांतील निव्वळ चोर तण होय. मेथी, कोथिंबीर, कांदा यांच्या वाफ्यांतील खत व पाणी तें पिकाच्या आधीं खातें, सबब तणनाशक औषध फवारून त्याचा समूळ उच्छेद करावा. दुसरा पक्ष अलीकडचा आहे. शहरांतून रानभाज्यांचे महोत्सव भरूं लागल्यापासून घोळीस एकाएकीं प्रतिष्ठा प्राप्त झाली असून, ती पौष्टिक असल्यामुळें शेतांत आहे तशी वाढूं द्यावी, असें हा पक्ष प्रतिपादन करितो. प्रस्तुत लेखकाचें मत या दोहोंहून निराळें आहे. घोळ खावी, परंतु राखूं नये. आणि तिच्या खाण्याची जी वेळ तीच तिच्या उपटण्याची वेळ होय. हें ज्याच्या ध्यानांत आलें त्यास औषधाची गरज क्वचितच पडेल. हें मत मीं ग्रंथांवरून बनविलेलें नसून स्वतःच्या नुकसानींतून बनलें आहे, म्हणून तें थोडें विस्तारानें मांडतों.

तालुका कचेरींतील नोकरी संपल्यावर मीं घरामागील सहा गुंठे जमीन विहिरीच्या पाण्यावर भाजीपाल्याखालीं आणली. पीकपाहणीचे कागद तपासण्यांत उमर गेलेली. परंतु त्या नमुन्यांत तणास रकाना नसल्यामुळें या विषयांत माझें ज्ञान शून्य होतें. २०२२ च्या आषाढांत वांग्यांच्या सरींत घोळ माजली. मीं ती फुलावर येईपर्यंत पाहत राहिलों, मग एके दिवशीं खुरपून बांधावर तिचा ढीग घातला व काम झालें असें समजून स्वस्थ बसलों. रात्रीं सर येऊन गेली. आठ दिवसांनीं पाहतों तों ढिगाखालच्या कांड्यांना मुळ्या फुटून तीं जमिनींत रुजलेलीं, आणि वरच्या अर्धवट वाळलेल्या झाडांचीं बोंडें पिकून उघडलेलीं. एवढ्यावरही शहाणपण आलें नाहीं. तो सगळा ढीग मीं उकिरड्यांत लोटला, आणि पुढील वर्षीं तेंच खत स्वहस्तें मेथीच्या वाफ्यांत पसरलें. शेजारचे एक वृद्ध शेतकरी बांधावर उभे राहून मोठ्या गांभीर्यानें विचारते झाले, "भाऊसाहेब, मेथी कोणत्या वाफ्यांत पेरली म्हणालांत ?" त्यांस काय उत्तर द्यावें हें मला सुचलें नाहीं.

घोळीचें बळ कशांत आहे तें समजून घेतल्याशिवाय तिच्याशीं झगडण्यांत अर्थ नाहीं. तिचीं खोडें व पानें मांसल असून त्यांत पाण्याचा सांठा असतो. त्यामुळें उपटलेलें झाड कित्येक दिवस मरत नाहीं, आणि फूल येऊन गेलेलें असेल तर अंगच्या पाण्यावर तें बीं पिकवून मगच वाळतें. तुटलेल्या कांड्याचा तुकडा ओल्या मातीस टेकला तरी त्याचें नवें झाड होतें. म्हणून कोळप्यानें नुसते तुकडे करीत जाणें म्हणजे कधीं कधीं लावणीच करणें होय. बीं बारीक, काळें व मिलिमीटरभराच्या आंतबाहेरचें असतें. बोंडाचें टोपण डबीच्या झांकणासारखें निघून बीं जागच्या जागीं सांडतें, व एका जोमदार झाडास दोन लाखांहून अधिक बिया धरल्याच्या नोंदी आहेत. या बियांचें आयुष्यही मोठें. अमेरिकेंतील मिशिगन येथील कृषिविद्यालयांत प्राध्यापक विल्यम बील यांनीं १८७९ सालीं निरनिराळ्या तणांचें बीं वाळूंत मिसळून, बाटल्यांत भरून जमिनींत पुरून ठेविलें होतें. चाळीस वर्षांनीं उकरलेल्या बाटलींतील घोळीचें कांहीं बीं तरीही उगवलें. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या, जगांतील अत्यंत उपद्रवी तणांवरील होम प्रभृतींच्या ग्रंथांत घोळीस जागा मिळाली आहे ती उगीच नव्हे. एक वर्ष बीं सांडूं दिलें तर त्याची फेड मुलांनाही करावी लागते.

परंतु या बळांतच तिचें मर्मस्थान आहे. घोळीचें बीं उगवण्यास ऊब व उजेड लागतो. अर्ध्या इंचापेक्षां खोल गेलेलें बीं बहुधा पडून राहतें. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत तिला फूल येतें, व फुलापासून सुमारें एक ते दोन आठवड्यांत बीं पिकतें. म्हणजे उगवणीनंतर तीन आठवडे आपल्या हातांत असतात. या तीन आठवड्यांच्या शेवटीं घोळ वीतभर, रसरशीत व कोवळी असते. खोड नखानें तुटतें, पान दातांखालीं कुरकुरतें. भाजीसाठीं याहून चांगली घोळ मिळणार नाहीं, आणि शेतासाठीं याहून चांगला मुहूर्त नाहीं.

आतां ओळखीविषयीं. जुन्या पिढींतील बायांस हें सांगावें लागत नाहीं. परंतु शहरांतून नव्यानें परसबाग करणाऱ्या मंडळींकडून घोटाळे होतात म्हणून लिहितों. घोळीचें खोड गुळगुळीत, तांबूस व जमिनीलगत पसरणारें असतें. पानें जाड, टोंकाकडे रुंद व देठाकडे निमुळतीं असून फांदीच्या शेंड्याला तीं झुपक्यानें येतात. फूल लहान, पिवळें, पांच पाकळ्यांचें; सकाळच्या उन्हांत कांहीं तास उमलतें व मिटतें. चिवळ, जिला कोठें चिघळ म्हणतात, ती हिचीच धाकटी बहीण. तिचें पान फार बारीक, पेराशीं पांढुरकी लव, आणि फुलास पाकळ्या चार. ती खुशाल खावी. विदर्भांतील मंडळी तर तिला मोठ्या बहिणीहून वरचें स्थान देतात.

सांभाळावयाचें तें दोघांपासून. पहिली दुधी व तिच्या जातीचीं भुईसरपट वाढणारीं झाडें. हीं लांबून घोळीसारखीं दिसतात, पण पान पातळ असतें आणि खोड मोडतांच पांढरा चीक येतो. घोळीस चीक कधींही येत नाहीं. चीक दिसला कीं ती वस्तु टाकावी व हात धुवावे. दुसरा विषखापरा. हा मात्र खरा ठक आहे, कारण त्याचेंही खोड मांसल व तांबूस असतें आणि चीकही नसतो. त्याचीं पानें समोरासमोर जोडीनें येतात, व त्या जोडींतील एक पान मोठें तर दुसरें स्पष्ट लहान असतें. फूल पिवळें नसून पांढुरकें किंवा गुलाबी, आणि पानाच्या बगलेंत रुतून बसलेलें. कांहीं ठिकाणीं याचा कोवळा पाला खातात हें खरें, परंतु जून पाल्यानें जुलाब होतात. माझ्याच घरीं एकदां अशी एक जुडी स्वयंपाकघरापर्यंत गेली होती. सौभाग्यवतींनीं ती उलटून पाहिली व न बोलतां माझ्या हातांत परत दिली.

उपाय खर्चाचे नाहींत. मेथी, कोथिंबीर किंवा कांद्याचें रोप टाकण्यापूर्वीं वाफा तयार करून पाणी द्यावें व आठ-दहा दिवस तसाच ठेवावा. वरच्या थरांतील घोळ उगवून येते. मग खुरप्यानें अगदीं वरवर खरवडून, माती न उलथतां पेरणी करावी. माती उलथली कीं खालचें बीं वर येतें व सगळी मेहनत पहिल्यापासून. वांगीं, मिरची, टोमॅटो यांच्या सरींत उसाचें पाचट चार बोटें जाड अंथरावें. उजेड तुटला कीं उगवण पुष्कळच कमी होते. उभ्या पिकांत जी येईल ती फुलापूर्वीं, मुळासकट, ओल असतांना उपटावी म्हणजे तुटत नाहीं, आणि लगेच टोपलींत भरावी. बांधावर टाकूं नये. जी फुलावर गेली ती उकिरड्यांतही टाकूं नये; खडकावर किंवा पत्र्यावर पातळ पसरून कडकडीत वाळवावी, खालीं फडकें घालून सांडलेलें बीं गोळा करावें व सगळेंच जाळून टाकावें. शेळ्यांना थोडी चालते, पण उपाशी जनावरापुढें भाराच्या भारा टाकूं नये, कारण तिच्यांत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असतें.

याच कारणानें ज्यांना मुतखड्याची व्यथा आहे त्यांनीं घोळ खाऊं नये, किंवा वैद्यास विचारून खावी. इतरांनीं ती ताकांत अथवा दह्यांत शिजवावी हें उत्तम. दुधाच्या पदार्थांतील चुना या आम्लास बांधून ठेवतो, असें आजचें शास्त्र सांगतें. आपल्या आज्यांनीं घोळीचें ताकांतलें पातळ करण्याचा प्रघात पाडला तेव्हां त्यांस हें ठाऊक नव्हतें, पण चुकल्या नाहींत. आणखी एक मौज अशी कीं, घोळीच्या पानांत रात्रीं आंबट द्रव्य सांठतें व दिवसाच्या उन्हांत तें खर्ची पडतें. पाण्याची ओढ बसलेल्या झाडांत हें विशेष. म्हणून पहाटेची घोळ आंबट व सायंकाळची त्या मानानें सौम्य लागते. डाळींत घालावयाची ती सकाळीं खुडावी, ताकांतली सायंकाळीं. पालेभाज्यांत क्वचित् आढळणारें ओमेगा-३ वर्गांतील स्निग्ध द्रव्यही हिच्यांत चांगल्या प्रमाणांत असतें. पण तेवढ्यावरून तिला औषधाच्या बाटलीची जागा देण्याचें कारण नाहीं.

आमच्या घरची कृति देतों. निवडलेली घोळ अर्धा किलो तीन-चार पाण्यांत धुवावी, कारण पेरांत माती लपते. मूठभर हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून अर्धवट शिजवावी, तींत चिरलेली घोळ घालून झांकण न ठेवतां पांच-सात मिनिटें शिजूं द्यावी; अधिक शिजली तर बुळबुळीत होते. दोन वाट्या गोडसर ताकांत दीड चमचा डाळीचें पीठ कालवून तें ओतावें व मंद आंचेवर ढवळत एक उकळी आणावी. मीठ शेवटीं आणि हात राखून, कारण घोळ मूळचीच खारट. संस्कृतांत तिला लोणिका म्हणतात तें याच चवीवरून. वरून आठ-दहा लसणाच्या पाकळ्या ठेचून, जिरें व सुकी मिरची यांची खमंग फोडणी. ज्वारीच्या भाकरीबरोबर हें खावें. कोरडी भाजी करणाऱ्यांनीं कांदा व भिजलेली मूगडाळ घ्यावी.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहिला ती. खुरपणीस येणाऱ्या बाया संध्याकाळीं जातांना ओटींत घोळ नेतात. कांहीं मालक याला हरकत घेतात, 'आमच्या रानांतलें कांहीं नेऊं नये' म्हणून दरडावतात. ही हरकत अजब आहे. जी वस्तु आपण मजुरी देऊन काढवितों, ती कोणी फुकट उचलून नेली तर त्यांत मालकाचें गेलें काय ? उलट जी बाई घोळ घरीं नेणार ती कोवळी असतांना, मुळासकट व निवडून काढते. बांधावर टाकून पुन्हां रुजविण्याची तिला बुद्धि होत नाहीं. मात्र दुसऱ्या बाजूस एक गंभीर धोका वाढत चालला आहे. कित्येक ठिकाणीं कांद्याच्या रानांत तणनाशक मारलेलें असतें, घोळ दोन-चार दिवस तशीच टवटवीत दिसते, आणि बाहेरगांवच्या बाईस त्याची वार्ता नसते. ती त्याच रानांतली भाजी लेंकरांच्या ताटांत वाढते. औषधाच्या डब्यावर काय छापलें आहे तें तिनें कोठें पाहावें ?

म्हणून मीं मंडळाकडे दोन कलमांचा अर्ज लेखी दिला आहे. ज्या सभासदानें रानांत कोणतेंही तणनाशक मारलें असेल त्यानें त्याच दिवशीं बांधाच्या चारी कोपऱ्यांवर काठीला लाल फडकें बांधावें, तें त्या हंगामभर काढूं नये, आणि त्या रानांतील पाला कोणीही नेऊं नये असें मुकादमामार्फत मजुरांस तोंडी सांगावें. व जेथें औषध मारलेलें नाहीं तेथें खुरपणीच्या बायांस घोळ, चिवळ, माठ नेण्यास मोकळीक असावी. अर्ज येत्या मासिक सभेपुढें आहे. ज्यांस हरकत असेल त्यांनीं ती सभेंत येऊन मांडावी; मी लाल फडक्यांचा गठ्ठा बरोबर घेऊन येणार आहें.