हिरव्या भिंतीला हवी फूटभर माती

मेट्रोच्या खांबांवर, उड्डाणपुलांखाली आणि बड्या कंपन्यांच्या प्रवेशद्वारांशी अलीकडे उभ्या बागा दिसू लागल्या आहेत. उद्घाटनाच्या दिवशी त्या डोळे निववतात. पुढच्या वैशाखात त्यांतल्या कित्येक कुंड्यांत नुसत्या काड्या उरतात. ज्या मध्यमवर्गीय कुटुंबाची पश्चिमेकडील भिंत दुपारभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत घरात आग ओकते, त्याला खरे तर अशा भिंतीची गरज अधिक. पण चौरस फुटाला शेकडो रुपये आणि शिवाय देखभालीचा वार्षिक करार, एवढे ऐकल्यावर विषय तिथेच संपतो.

ही भिंत इतकी महाग का? या तंत्राचे पेटंट 1938 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक स्टॅन्ली हार्ट व्हाइट यांनी मिळवले. त्याला जगभर कीर्ती मिळवून दिली पॅट्रिक ब्लांक या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने. 2006 मध्ये खुल्या झालेल्या पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयाची त्यांची भिंत देखणी आहे, यात वाद नाही. धातूचा सांगाडा, त्यावर पीव्हीसीचे तक्ते, त्यावर फेल्टचे थर आणि त्या थरांत मुळे. मातीचा पत्ताच नाही. साहजिकच पाणी आणि अन्न दोन्ही पंपाने, नळ्यांतून, ठरल्या वेळी पोचवावे लागते. पंप चार दिवस थांबला की भिंत मेलीच. संग्रहालयाला हे शोभते. टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायटीने त्याचे अनुकरण करणे म्हणजे हत्ती पोसणे होय.

वेलाला हा खटाटोप लागत नाही. त्याची मुळे जमिनीत असतात आणि पाने तीन मजले वर सावली धरतात. भिंतीला हवा असतो तो पानांचा पडदा आणि पानांतून बाष्प होऊन जाणाऱ्या पाण्याचा गारवा. ओल्या खसाच्या ताट्या लावणाऱ्या वैदर्भीय कुटुंबाला हे तत्त्व नव्याने शिकवायला नको. परसातला मांडव आणि त्यावरचा दोडका, घेवडा, मायाळू हे आपल्याकडे कोणत्याही आजीला ठाऊक होते. मधुमालती किंवा गुळवेल एकदा रुजली की वर्षानुवर्षे टिकते. खर्च येतो तो जाड तारांचा, खुंट्यांचा आणि खताच्या खड्ड्याचा.

वेलाने भिंत फुटते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. ती पिंपळाच्या बाबतीत खरी आहे. भिंतीला मुळांनी चिकटणारे वेलही भेगाळलेल्या गिलाव्यावर नकोतच. पण भिंतीपासून वीतभर अंतरावर ताणलेल्या तारांवर वेल चढवला, तर मधून वारा खेळतो आणि ओल धरत नाही. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी आपण गटारात सोडतो. ते मुळाशी सोडले तरी मोठा आधार होतो.

खरी अडचण पैशाची नाही, मातीची आहे. भिंतीच्या पायथ्याशी असलेली जमीन आपणच पेव्हर ब्लॉकखाली गाडली. चिखल नको आणि गाडी लावायला जागा हवी म्हणून. राष्ट्रीय हरित लवादाला 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश द्यावा लागला, यावरून या हव्यासाची कल्पना यावी. पश्चिमेच्या भिंतीलगतची फूटभर रुंदीची पट्टी उघडी करण्यास न्यायालयाची वाट कशाला पाहायची? सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव पुरेसा आहे. (लाद्या बसवण्याचा ठराव किती तत्परतेने संमत झाला होता, हे सभासदांना आठवत असेलच.)

सेवावस्तीत तेवढीही माती नसते. तिथे पत्र्याच्या घरांत मे महिन्याच्या दुपारी तान्ही मुले आणि वृद्ध अक्षरशः होरपळतात. जुने पिंप किंवा गोणी, ओल्या कचऱ्याचे खत आणि दुधीचे वा कारल्याचे बी एवढ्या सामग्रीत सुतळीवरून वेल पत्र्यावर जातो. भाजी मिळते ती वेगळीच. मात्र बी माघ-फाल्गुनातच पेरले पाहिजे, मे उजाडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. पंच परिवर्तनांत पर्यावरणाला स्थान दिल्यानंतर आपल्या नगरांतील कार्यकर्त्यांनी वृक्षारोपणाच्या छायाचित्रांपेक्षा हे काम हाती घ्यावे.

पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण या प्रकल्पांसाठी मिळकतकरात सवलत देते. त्या यादीत भिंतीलगतची उघडी माती आणि त्यावरचा वेलही यावा, अशी मागणी नगरसेवकांकडे लेखी करता येईल. ती करताना एक अट आपणच सुचवावी: सवलत लावणीच्या वर्षी नव्हे, तर वेलाने दोन उन्हाळे काढल्यावर मिळावी.