शेजारणीचं घरकुल आणि आपला अर्ज

"आपा, शेजारणीचं नाव घरकुलाच्या यादीत आलं, माझं राहिलं. कसं, हे विचारता येईल का?" एका भगिनीचा प्रश्न.

येईल. महाराष्ट्रानं माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ सालीच केला होता; २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं त्याची जागा घेतली. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. म्हणजे जावेची तक्रार त्यात घालू नका!

आता अडचण. पूर्वी एखाद्याची खासगी माहिती नाकारताना कारण तपासावं लागे. नोव्हेंबर २०२५ पासून, डेटा संरक्षण कायद्यामुळे, 'ही व्यक्तिगत माहिती आहे' एवढं म्हणणं पुरतं. मला हे पटत नाही. पण कलम ८(२) शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. ते जनहित अर्जातच लिहा. शिवाय सरकारी सवलतींच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं स्वतःहून जाहीर करावा, असं कलम ४ सांगतं.

म्हणून निवडीचे निकष, ग्रामसभेचा ठराव आणि तुमच्या स्वतःच्या अर्जावरचा शेरा मागा. शेजारणीचा आधार क्रमांक, बँक खातं मुळीच मागू नका. उद्या तुमचंही कुणी मागेल, तेव्हा कसं वाटेल?

नकार आला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो.