बनी तो बनी... नाही बनली तर?

रात्रीचा दीड वाजलेला. वसमत रोडवरच्या आमच्या रूमवर तिघं झोपलेले आणि चौथा पांघरुणात मोबाइल घेऊन जागा. "काऊन रे, झोप की आता," म्हटलं तर म्हणाला, "थांब ना, टेबलावर आहे." टेबल म्हणजे पोकरचं. पाच-सहा अनोळखी माणसं, कोण दिल्लीचं, कोण सुरतेचं, आणि त्यात आमचा गंगाखेडकडचा दोस्त.

आपल्याकडं पत्ते काही नवे नाहीत. श्रावणात पारावर डाव पडतोच, पोळ्याला तर पडतोच पडतो. पण दोस्ताचं म्हणणं वेगळं होतं. "हा जुगार नाही भावा, स्किल आहे. लोकं याच्यावर करिअर करू लालेत." आणि मग तो नावं सांगायचा. त्याला ही नावं आपल्याला सिलॅबस पाठ नसेल इतकी पाठ होती.

पहिलं नाव ख्रिस मनीमेकर. (आडनाव खरंच हेच आहे.) अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला साधा अकाउंटंट. ऑनलाइन छोट्या स्पर्धेतून पात्र ठरला आणि २००३ मध्ये लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. दुसरं नाव निकिता लूथर. २०१८ मध्ये जोडीने खेळायच्या स्पर्धेत तिने त्याच सिरीजचं सोन्याचं ब्रेसलेट जिंकलं. असं करणारी ती पहिली भारतीय महिला. तिसरं मुस्कान सेठी. देशातली पहिली व्यावसायिक महिला पोकरपटू म्हणून २०१८ मध्ये तिचा राष्ट्रपतींच्या हस्ते सत्कार झाला. आता यावर आपण काय बोलणार? राष्ट्रपती भवनात गेलेल्या गोष्टीला जुगार म्हणायची आपली टाप आहे का?

मी पण गप्प बसलो. गप्प काय, एकदा त्याला तीन हजार उसनेही दिले. म्हणून आज जे लिहितोय ते शहाणपणा म्हणून नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करू. पोकरमध्ये स्किल आहेच. तुमच्या हातात दोन पत्ते, टेबलावर पाच उघडे, आणि खरा खेळ पत्त्यांचा नाही, पैसे लावण्याचा. समोरच्याने एवढीच रक्कम का लावली, आपली शक्यता किती, सोडायचं कधी. चांगला खेळाडू बहुतेक डाव सुरुवातीलाच टाकून देतो, तासन् तास. कोझिकोडच्या आयआयएममध्ये पोकरवर बेतलेला कोर्स शिकवला गेलाय. तेव्हा "सगळं नशिबावर आहे" म्हणणाऱ्या काकांशी मी पण वाद घालीन.

पण स्किल असणं वेगळं आणि त्याच्यावर पोट भरणं वेगळं. ही दोन वाक्यं आपल्याला एकच वाक्य असल्यासारखी विकली गेली.

बघा, पोकरपटूंच्या नावापुढे जो आकडा दिसतो, "एकूण कमाई अमुक कोटी", तो काय असतो? स्पर्धांमध्ये मिळालेल्या बक्षिसांची बेरीज. बस्स. प्रवेश फी वजा केलेली नसते. समजा एकाने वर्षात हजार डॉलर फीच्या १०० स्पर्धा खेळल्या आणि त्याला सगळी मिळून १ लाख २० हजारांची बक्षिसं मिळाली. यादीत १ लाख २० हजार दिसणार. खिशात राहिले २० हजार, आणि त्यातून विमान, हॉटेल, जेवण, कर. वर्षात ९० हजारच मिळाले तर तो तोट्यात, पण यादीत तरी ९० हजारांची "कमाई"! त्यातही बरेच खेळाडू स्वतःच्या पैशाने खेळतच नाहीत. फी दुसरा भरतो आणि जिंकल्यावर वाटा घेतो. मनीमेकरनेही आपला काही हिस्सा वडिलांना आणि एका मित्राला आधीच विकलेला होता. मोठ्या चेकचा फोटो सगळे बघतात, त्या चेकचे किती तुकडे झाले ते कोण बघतंय.

मानत नसाल तर स्टू उंगरची गोष्ट ऐका. माझ्या दोस्ताच्या यादीत हे नाव नव्हतं. जाहिरातवाले ते सांगतच नाहीत.

हा न्यूयॉर्कचा पोरगा, जन्म १९५३ चा. वडील बार चालवायचे आणि सट्टा घ्यायचे. पोरगा जिन रमीत इतका पक्का झाला, की त्याच्याशी पैसे लावून खेळायला कोणी तयार होईना. डाव मिळेना म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० मध्ये वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकला. १९८१ मध्ये पुन्हा. तेव्हा त्याचं वय २७. पोकरच्या इतिहासात त्याच्याएवढा उपजत हुशार खेळाडू झाला नाही, असं मानणारे आजही खूप आहेत. म्हणजे "स्किल" या शब्दाला माणसाचा चेहरा द्यायचा तर हाच.

मग पुढची १६ वर्षं? पोकरमध्ये कमवायचं आणि घोड्यांच्या शर्यतीवर, मॅचवर उडवायचं. कोकेन. १९९७ मध्ये मुख्य स्पर्धेची १० हजार डॉलर फी भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते. बिली बॅक्स्टर नावाच्या दुसऱ्या खेळाडूने ऐनवेळी भरले. आणि हा बाबा ती स्पर्धा तिसऱ्यांदा जिंकला! दहा लाख डॉलर. अर्धे बॅक्स्टरचे, उरलेले अर्धे काही महिन्यांत संपले. पुढच्या वर्षी बॅक्स्टरने पुन्हा फी भरली, पण उंगर खोलीतून बाहेरच आला नाही. २२ नोव्हेंबर १९९८ ला लास वेगासमधल्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय ४५. खिशात ८०० डॉलरच्या आसपास. अंत्यसंस्कारासाठी मित्रांनी वर्गणी काढली.

तुम्ही म्हणाल, हे टोकाचं उदाहरण झालं, सगळे थोडेच नशेत जातात. बरोबर आहे. डॉयल ब्रन्सन हा टेक्सासचा खेळाडू १९७६ आणि १९७७ असा लागोपाठ दोनदा जिंकला, पुस्तक लिहिलं, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. संसार नीट, मान मोठा. असेही आहेत. पण मग व्हेनेसा सेल्ब्स्टचं घ्या. येलची कायद्याची पदवी, तीन ब्रेसलेट, बक्षिसांची बेरीज एक कोटी डॉलरच्या वर. तिने २०१७ च्या शेवटी हा धंदा सोडला आणि एका गुंतवणूक कंपनीत नोकरी धरली. ऐन भरात असलेली बाई नोकरी धरते, हे एकदा थांबून वाचा. तिला ती धरता आली, कारण हातात पदवी होती. आमचा दोस्त मात्र पदवीचीच फी टेबलावर घेऊन गेला होता.

त्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, पिट्सबर्गमध्ये लिब्राटस नावाच्या संगणक प्रोग्रामने चार नावाजलेल्या व्यावसायिकांना वीस दिवस खेळवून १ लाख २० हजार हातांमध्ये सपशेल हरवलं. आता रात्री दीड वाजता पांघरुणात तुमच्यासमोर जो "सुरतेचा राजू" बसलाय, तो माणूस आहे की प्रोग्राम, हे तुम्ही कसं ओळखणार?

आणि माणूस असला तरी हिशेब काय सांगतो? पोकरमध्ये तुम्ही कंपनीकडून जिंकत नाही. समोरच्या खेळाडूकडून जिंकता, आणि प्रत्येक डावातून कंपनी आपलं कमिशन काढून घेते. दहा जण हजार-हजार घेऊन बसले, तर रात्र संपताना दहाही जणांचे मिळून दहा हजार कधीच नसतात. म्हणजे एकाला महिन्याचा पगार सुटायचा असेल तर बाकीच्या कितीतरी जणांनी तो भरला पाहिजे. अट्टल खेळाडू अशा भरणाऱ्याला "फिश" म्हणतात. मासा. मनीमेकर जिंकला तेव्हा त्या स्पर्धेत ८३९ जण होते. पुढच्या वर्षी २,५७६ आले, २००६ मध्ये ८,७७३. सगळ्यांना मनीमेकर व्हायचं होतं. व्यावसायिकांची त्या वर्षांत चंगळ झाली, कारण तळ्यात मासे वाढले. आपल्याकडच्या जाहिरातींमध्ये "प्रो" लोकांचे चेहरे होते ते याचसाठी. त्यांना आपल्यातून आणखी प्रो नको होते.

गोव्याला तिसऱ्या वर्षाची ट्रिप गेली की मांडवीतल्या कॅसिनो बोटींसमोर फोटो काढतात सगळे. देशातल्या पोकरपटूंची कितीतरी स्पर्धांची मजल त्याच बोटींवर गेलीय. पण गोवा सरकारने २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी केलीय. बाहेरच्यांनी यावं, पैसे टाकावेत. घरच्या पोरांनी नाही. यातून काय समजायचं ते समजा.

आता कायद्याचं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार म्हटलं, कर्नाटकात न्यायालयाची भूमिका वेगळी राहिली. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. कंपन्या बोनस देऊन तो झाकत राहिल्या. जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस होताच. मग ऑगस्ट २०२५. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग स्किल असो की नशीब. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. मोठ्या कंपन्यांनी लगेच पैशांचे टेबल गुंडाळले. २०१८ मध्ये ज्या धंद्यातल्या मुलीचा राष्ट्रपतींच्या हस्ते सत्कार झाला, त्या धंद्याचं ऑनलाइन दुकान सात वर्षांनी तीन दिवसांत बंद. ज्यांनी खरंच मेहनतीने हे करिअर केलं होतं, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. त्यांचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं असं दिसलं नाही.

पण बंदी आली म्हणून रूमवर शांतता झाली का? नाही. टेलिग्रामवर बाहेरच्या देशातल्या अॅपच्या लिंक फिरतायत. तिथे ना तक्रार करायला ऑफिस, ना पैसे अडकले तर कोणी विचारणारं. म्हणून कायद्याच्या भरवशावर बसू नका असं माझं म्हणणं आहे. पोकर आवडत असेल तर खुशाल शिका, शक्यतेचं गणित शिका, पैसे न लावता खेळा. काडीपेटीच्या काड्या घेऊन आम्ही खेळतो, मजा तीच येते. जो म्हणतो पैशाशिवाय मजा नाही, त्याला पोकर आवडत नसून दुसरंच काहीतरी आवडतंय.

आपल्या जिल्ह्याची ती जुनी म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. बाहेरचे चिडवायला म्हणतात, आपण हसून घेतो. दोस्त दर डिपॉझिटला हेच म्हणायचा. बनलं तर बनलं, नाहीतर परभणी आहेच. पण परभणी "आहेच" म्हणजे काय? मानवतच्या मोंढ्यात विकलेला बापाचा कापूस आहे. आईने बचत गटातून उचललेलं कर्ज आहे. या "नहीं तो"ची किंमत कोणीतरी आधीच भरलेली असते.

दोस्ताचं पुढं काय झालं ते सांगतो. क्लासच्या फीचा दुसरा हप्ता भरायची वेळ आली तेव्हा सगळं बाहेर पडलं. ओरडणं, रडणं, घरी फोन, सगळं झालं. नंतर मी त्याला एकच काम करायला लावलं. बँकेचं स्टेटमेंट काढायचं आणि वहीत दोन रकाने करायचे, आलेले आणि गेलेले. एकदा एका रात्रीत त्याने ११ हजार जिंकले होते, त्याचा स्क्रीनशॉट त्याने आम्हा सगळ्यांना पाठवला होता. तो त्याला बरोबर लक्षात होता. गेलेले मात्र दोनशे, पाचशे, तीनशे असे होते. लिहायला दोन संध्याकाळी लागल्या.

"किती गेले असतील?" मी आधीच विचारलं होतं. "पंचवीस-तीस हजार," तो म्हणाला होता. बेरीज ६१,४०० आली. त्याने ती तीनदा केली, मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे दिला.

ती वही त्याने फेकलेली नाही. माझे तीन हजार तो महिन्याला पाचशे करून देतोय, ते पण त्याच वहीत लिहितो. अजून दोन हप्ते राहिलेत.