सारथ्याचे चित्त
महाशिवरात्रीस परळीच्या वाटा वैद्यनाथाच्या दर्शनार्थींनी फुलतात. त्यांत कित्येक तरुण एका हाती दुचाकी, दुसऱ्या हाती मोबाईल! कठोपनिषदाने शरीरास रथ, बुद्धीस सारथी म्हटले. ताशी ६० किलोमीटर वेगात ३ सेकंद दृष्टी ढळली, तर ५० मीटर रथ सारथ्यावाचून धावतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात हा दोष स्पष्ट नमूद झाला. परंतु दंडाने चित्त थाऱ्यावर येते थोडेच? लेकराने टोकलेले मात्र बापास लागते. म्हणून, भाविकहो, सप्ताहाच्या मंडपाची एक कमान कमी करावी आणि याविषयी गावोगाव बोलणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षाची शिष्यवृत्ती द्यावी. निवड गुरुजींनी करावी. पुढाऱ्यांचे ते काम नव्हे. काल्याच्या कीर्तनातील माझी १० मिनिटे मी त्या विद्यार्थ्यास देईन.