गीतेशेजारी ठेवलेले पुस्तक

आज मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. कुरुक्षेत्रावर भगवंतांनी अर्जुनाला गीता सांगितली ती याच तिथीला, अशी आपली परंपरागत श्रद्धा. घरोघरी आज अठरा अध्यायांचे पारायण होईल, देवळांतून सामुदायिक पठणे होतील. चार दिवसांवर दत्तजयंती आली आहे, तेव्हा गुरुचरित्राचे सप्ताहही कित्येक घरी बसले असतील. अशा दिवशी, गीतेला वाहिलेल्या या पानावर, ख्रिस्ती भक्तिग्रंथांविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे. काही वाचकांना हे खटकेल, याची आम्हांस जाणीव आहे. मात्र नाताळही आता दूर नाही म्हणून त्या निमित्ताने सौजन्याचे दोन शब्द लिहावेत, एवढाच हेतू यामागे नाही. गीता नीट वाचायची असेल तर तिच्या शेजारी एखादे परक्या घरचे पुस्तक असणे हितावह ठरते, असे आमचे मत आहे आणि ते आम्ही आजच्याच दिवशी मांडू इच्छितो.

आमच्या परिचयाच्या एका सोवळ्याओवळ्याच्या घरी काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट सांगतो. घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला कोणीतरी 'नव्या करारा'ची लहानशी प्रत दिली. ती तिने अभ्यासाच्या मेजावर ठेवली. आजोबांच्या दृष्टीस पडताच घरात वादळ उठले आणि त्याच संध्याकाळी ते पुस्तक बाहेर गेले. आजोबा करारी होते, पण दुष्ट नव्हते. त्यांना नातीची काळजी वाटली. पुढे तिने आजोबांना एकच प्रश्न विचारला, "त्या पुस्तकात काय चूक आहे ते मला सांगाल का? आणि आपल्या गीतेत त्याचे काय उत्तर आहे?" नित्य गीतापाठ करणारे आजोबा निरुत्तर झाले. पाठ त्यांना मुखोद्गत होता, परंतु प्रश्न घेऊन गीतेकडे जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता.

आजोबांची भीती निराधार होती असे म्हणण्याची आमची तयारी नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, हा इतिहास आहे. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. नव्याने बाटलेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि वाचायला, ऐकायला काहीतरी हवे होते. ती भूक भागविण्यासाठी हे पुराण लिहिले गेले. भाषा म्हणून ते मराठीचे भूषण खरेच, पण ज्या परिस्थितीत ते जन्मले ती विसरून त्याचे कौतुक करणे आम्हांस जमत नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्या अगदी घरातले. नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, १८६१ सालचा जन्म. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला, त्यांनी तो वाचला, आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊक आहेच. काही वर्षे नवराबायकोची ताटातूट झाली. तेव्हा पुस्तक वाचल्याने काही होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पुस्तक वाचल्याने होते. न होणारे पुस्तक वाचण्यात तरी काय अर्थ आहे? तथापि याच टिळकांनी पुढे आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या वाटेने, असे सांगितले आणि आपली ख्रिस्तभक्ती अभंगांतून व कीर्तनांतून गाइली. देव्हारा सुटला, पण तुकोबा सुटले नाहीत. पुस्तक बाहेर टाकणाऱ्यांनी आणि पुस्तके वाटत हिंडणाऱ्यांनी, दोघांनीही या गोष्टीचा विचार करावा.

आता दुसऱ्या बाजूची साक्ष पाहू. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले. तेथे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दोघा थिऑसॉफिस्ट बंधूंनी त्यांना आपल्याबरोबर गीता वाचण्यास बोलावले. एडविन अर्नोल्डचे इंग्रजी भाषांतर ते वाचीत होते. गांधींना लाज वाटली, कारण वैष्णव घरात वाढूनही त्यांनी तोवर गीता ना संस्कृतात वाचली होती ना गुजरातीत. म्हणजे ज्या ग्रंथाला ते पुढे माता मानू लागले, तो त्यांच्या हाती प्रथम परक्यांनी दिला! याच सुमारास एका ख्रिस्ती सद्गृहस्थाच्या आग्रहावरून त्यांनी बायबलही घेतले. जुना करार वाचताना त्यांना झोप येई, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. परंतु नव्या करारातील डोंगरावरील प्रवचन त्यांच्या हृदयाला थेट भिडले. त्याची त्यांनी गीतेशी तुलना केली, आणि अपकारावर उपकार करावा हे सांगणारा शामळ भट्टांचा लहानपणी पाठ केलेला गुजराती छप्पा त्यांना आठवला. परक्या डोंगरावरचा शब्द कानी पडला आणि राजकोटच्या शाळकरी वयातले घरचे काव्य जागे झाले.

पुढे १८९३ साली प्रिटोरियात त्यांना कोट्स नावाचे क्वेकर पंथाचे ख्रिस्ती मित्र भेटले. ते गांधींना पुस्तकामागून पुस्तक देत आणि गांधी ती निष्ठेने वाचीत. एके दिवशी कोट्सांना त्यांच्या गळ्यातील तुळशीची माळ दिसली. ही अंधश्रद्धा तुम्हाला शोभत नाही, द्या मी तोडून टाकतो, असे ते म्हणाले. गांधींनी साफ नकार दिला. माळ आईने घातलेली होती. तिच्या गूढ अर्थाविषयी आपली काही समजूत नाही, ती झिजून तुटली तर नवी घालण्याचा आग्रहही धरणार नाही, पण ही माळ मात्र तोडता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पुस्तके घेणे मात्र त्यांनी थांबविले नाही. ख्रिस्ती मित्रांच्या युक्तिवादाने मनात उठलेल्या शंका त्यांनी मुंबईच्या रायचंदभाईंना पत्राने कळविल्या. रायचंदभाई जवाहिऱ्याचा व्यवसाय करणारे जैन तत्त्वचिंतक. त्यांनी धीर धरून हिंदुधर्माचा अधिक खोल अभ्यास करण्यास सुचविले आणि पंचीकरण, मणिरत्नमाला, योगवासिष्ठातील मुमुक्षु प्रकरण असे ग्रंथ पाठविले. टॉलस्टॉयचे ख्रिस्ती विचारांनी भरलेले पुस्तकही त्यांनी त्याच काळात वाचले आणि ते त्यांना आयुष्यभर पुरले. आमचे म्हणणे एवढेच की योगवासिष्ठापर्यंतचा हा रस्ता प्रिटोरियातील प्रार्थनासभेतून गेला. प्रश्नच उठला नसता, तर उत्तरासाठी त्यांनी मुंबईस पत्र कशाला धाडले असते?

गांधी उदारमतवादी, त्यांचे सोडा, असे कोणी म्हणेल. मग स्वामी विवेकानंदांचे काय? परिव्राजक अवस्थेत हिंडताना त्यांच्याजवळ गीता असे आणि तिच्या जोडीला 'इमिटेशन ऑफ ख्राइस्ट' असे. टॉमस अ केम्पिस (मृत्यू १४७१) या नेदरलँड्समधील मठवासी साधूने लॅटिनमध्ये लिहिलेला हा ग्रंथ. १८८६ च्या डिसेंबरात आंटपूर येथे धुनीभोवती बसून नरेंद्राने गुरुबंधूंना ख्रिस्ताच्या त्यागाची कथा सांगितली आणि सर्वांनी संन्यासाचा निश्चय केला. ती रात्र नाताळच्या पूर्वसंध्येची होती हे त्यांच्या नंतर ध्यानात आले. १८८९ साली स्वामीजींनी केम्पिसच्या काही प्रकरणांचे 'ईशानुसरण' या नावाने बंगालीत भाषांतर केले आणि त्याला प्रस्तावना लिहिली. तीत ते म्हणतात की दास्यभक्तीचा असा आविष्कार क्वचितच आढळेल. ग्रंथकार ख्रिस्ती म्हणून नाक मुरडणाऱ्यांना त्यांनी आपल्याच दर्शनशास्त्रांचा हवाला दिला आहे: आप्तपुरुषांचे वचन हे प्रमाण होय, आणि असे आप्तपुरुष आर्यांत जसे जन्मतात तसे म्लेच्छांतही जन्मतात. सनातन शास्त्राने घातलेली ही मुभा आपण काढून घेणारे कोण?

आता स्वतःचा एक अनुभव सांगणे प्राप्त आहे. जेवणापूर्वी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणण्याची आमच्या घरची रीत. लहानपणापासून म्हणत आलो. जीभ आपोआप चाले आणि मन पानातल्या भाजीकडे. वर्षानुवर्षे आम्ही हा पाठ केला आणि त्याचा आम्हांस काडीचाही लाभ झाला नाही, हे सांगताना संकोच वाटतो. मग एका मित्राने ब्रदर लॉरेन्सचे चिमुकले पुस्तक हाती ठेवले. हा सतराव्या शतकातला फ्रान्समधील माणूस, मूळ नाव निकोलस एर्मां. सैन्यात होता, जखमी होऊन परतला. अठराव्या वर्षी हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहून, याला आता पालवी फुटेल, फुले येतील, या विचाराने त्याला ईश्वरी सामर्थ्याची जी जाणीव झाली ती कधी मावळली नाही. पुढे पॅरिसमधील कार्मेलाइट मठात तो सेवेकरी म्हणून राहिला. त्याला काम मिळाले मुदपाकखान्यातले, आणि तेच त्याला मुळीच आवडत नसे. वर्षानुवर्षे त्याने तेथे स्वयंपाक केला, भांडी हाताळली, आणि भांड्यांच्या खणखणाटात चारी बाजूंनी हाका येत असतानाही आपण प्रार्थनेच्या वेळेइतकेच देवाजवळ असतो, असे त्याने सहज सांगितले. १६९१ साली तो वारला. त्याने ग्रंथ असा लिहिलाच नाही. त्याची संभाषणे आणि थोडी पत्रे इतरांनी जमविली.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि नववा अध्याय उघडला. जे करशील, जे खाशील, जे देशील ते मला अर्पण कर, या आशयाचा तेथील श्लोक आम्ही शेकडो वेळा म्हटला होता. तो एका फ्रेंच आचाऱ्याने आम्हांस प्रथम ऐकविला. त्या पाठोपाठ जनाबाईंचे जाते आठवले, सावता माळ्यांचा मळा आठवला. ही सारी आपलीच माणसे, परंतु अतिपरिचयामुळे आम्ही त्यांच्या पाया पडत होतो, त्यांचे ऐकत नव्हतो. तेव्हापासून जेवणापूर्वीचा पाठ आम्ही सावकाश म्हणतो. घरची मंडळी पाने वाढून खोळंबतात आणि कुरकुरतात, हे मान्य करावयास हवे.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करू. हल्ली दुकानांतून 'प्रेरणादायी' म्हणून जी पुस्तके रचलेली असतात, सात दिवसांत यश, एकवीस दिवसांत संपत्ती, त्यांत देवाचे नाव असले तरी आम्ही त्यांची शिफारस करीत नाही. ती देवाला कामाला लावतात. लॉरेन्स आणि केम्पिस माणसाला कामाला लावतात. दुसरे असे की 'सर्व धर्म सारखेच' हे वाक्य आम्हांस फार आळशी वाटते. ते सारखे नाहीत. ख्रिस्ती मनुष्य एकच जन्म मानतो, आपण पुनर्जन्म आणि कर्मफल मानतो. तो एकच अवतार मानतो, आपल्या भगवंतांनी युगायुगांत येण्याचे वचन दिले आहे. हे भेद पुसून वाचले तर हाती गुळमुळीत काहीतरी उरते. उलट शत्रूवर प्रेम करा, ही आज्ञा वाचून थबकावे आणि मग युद्धभूमीवर सांगितलेल्या आपल्या ग्रंथात बाराव्या अध्यायातील भक्त कोणाचाही द्वेष का करीत नाही, हे शोधावे. त्या शोधात जो वेळ जातो तो पारायणाइतकाच पुण्यकारक आहे, असे आम्ही धिटाईने म्हणतो.

ज्यांनी गीता, ज्ञानेश्वरी वा गाथा अजून उघडलीच नाही त्यांनी मात्र आधी घरचे वाचावे. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्यालाच ती राखता येते. आणि हा व्यवहार एकतर्फीही नाही. जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने उतारवयात आपल्या संतांच्या कवितेचे आणि महीपतींच्या चरित्रग्रंथांचे इंग्रजीत भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले. बहिणाबाईंचे आत्मचरित्र इंग्रजीत वाचणाऱ्या कित्येकांना ते त्याच्याच हातून मिळाले.

आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारील. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचवा, सहावा आणि सातवा अध्याय, म्हणजे ते डोंगरावरील प्रवचन, एका बैठकीत वाचून होते. सोपी मराठी हवी असल्यास वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आहे. हे दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ साली ते निवर्तले. ज्यांना आपल्या माणसाने निवडून दिलेले हवे त्यांच्यासाठी विनोबांचे 'ख्रिस्तधर्म-सार' आहे. 'गीताई' लिहिणाऱ्या हाताने केलेली ती निवड आहे, तेव्हा शंकेचे कारण नाही. केम्पिसच्या चार भागांपैकी चौथा भाग ख्रिस्ती उपासनाविधीविषयी आहे, तो आपल्या वाचकाने सोडला तरी चालेल.

राहिला एक प्रश्न. तो आम्हांस एका वृद्ध माउलीने विचारला होता: हे पुस्तक ठेवायचे कोठे? देव्हाऱ्यापाशी ठेवावे तर मन धजत नाही, आणि अडगळीत टाकावे तर तेही देवाचेच नाव. आम्ही त्यांना सांगितले की त्याला गंधफूल वाहण्याचे कारण नाही आणि ते पाहुण्यांपासून लपविण्याचेही कारण नाही. ज्ञानेश्वरी ज्या फडताळात असते त्याच फडताळात, तिच्या शेजारी ठेवावे. सांजवात झाली की दोन्हीपैकी हवे ते काढता येते. माउली म्हणाल्या, "ज्ञानेश्वरीवर मी रेशमी वस्त्र घालते, यालाही घालू का?" आम्ही म्हटले, घाला, धूळ तर दोन्हींवर बसते.