मेंदूतील लोह : काढावे की राखावे?

लोह म्हणजे बल, ही आपल्या घरांतील जुनी समजूत. बाळंतिणीला अळिवाचे लाडू द्यावेत, भाजी लोखंडी कढईत करावी, हा परिपाठ तिच्यातूनच आला. रक्ताप्रमाणे मेंदूलाही लोह लागते. मज्जापेशींना ऊर्जा मिळणे आणि त्यांच्यातील निरोपाची रसायने तयार होणे, ही दोन्ही कामे लोहावाचून अडतात. मात्र अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशात मेंदूच्या काही भागांत लोह प्रमाणाबाहेर साचलेले आढळते. असे मोकळे लोह पेशींच्या स्निग्ध आवरणाचा, लोखंड गंजावे तसा, नाश घडविते. या प्रकारच्या पेशीमृत्यूला २०१२ साली ‘फेरोप्टोसिस’ हे नाव मिळाले.

मग साचलेले लोह काढून टाकले तर? थॅलॅसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते व त्यामुळे त्यांच्या शरीरात लोह साठते. ते बांधून बाहेर नेणारी औषधे वैद्यकाजवळ होतीच. त्यांतील डेस्फेरिऑक्झामाइन १९९१ साली कॅनडातील संशोधकांनी ४८ रुग्णांवर दोन वर्षे अजमावले. त्यांचा रोख खरे तर ॲल्युमिनियमवर होता. पण हे औषध लोहही बांधते. औषध घेणाऱ्यांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता इतरांच्या मानाने निम्म्या गतीने घटली. आशा पल्लवित झाली, तरी एवढ्या लहान प्रयोगावरून निर्णय देता येत नव्हता.

त्यानंतर ऑस्ट्रेलियात डेफेरिप्रोन या तोंडाने घ्यावयाच्या औषधाची परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. आरंभीच्या अवस्थेतील ८१ रुग्णांपैकी ५४ जणांना वर्षभर औषध व २७ जणांना निरौषधी गोळी देण्यात आली. स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागातील लोह औषधाने घटले, हे चुंबकीय प्रतिमांत दिसलेही. परंतु औषध घेणाऱ्यांची बुद्धी इतरांपेक्षा अधिक वेगाने ढासळली, आणि चौघांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घातक रीतीने कमी झाल्या. कंपवाताच्या ३७२ रुग्णांवरील परीक्षेत हेच औषध घेणाऱ्यांचीही लक्षणे इतरांपेक्षा बळावली होती. तो अहवाल २०२२ चा.

या निकालांवरून असे दिसते की, उपद्रवी लोहाबरोबर उपयुक्त लोहही काढले जात असावे. म्हणून काही संशोधक आता लोह काढण्याऐवजी त्यापासून होणारा आवरणाचा नाश थांबविता येईल काय, याचा शोध घेत आहेत. ते काम अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

आपल्या घरातील आजोबा-आजींसाठी यातून घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. ‘शरीरातील धातू काढून मेंदू शुद्ध करतो’ अशी ग्वाही देणाऱ्या उपचारांस भुलू नये. विसरभोळेपणाच्या भीतीने रक्तक्षयावरील लोहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. रक्तक्षयानेही वृद्धांची बुद्धी मंदावते. आपल्या मनाने त्या सुरूही करू नयेत. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढेच लोह घ्यावे. लोखंडी कढईला निवृत्त करण्याचे मात्र कारण नाही. विस्मरण वाढत असेल, तर ‘वयच झाले’ असे म्हणून न थांबता वेळीच तपासणी करावी; थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांसारखे बरे होणारे कारणही त्यामागे निघू शकते.