ताका मोजता, मग जागा का नाही?

ग्रे कापडाचा ताका घेताना त्यावर लिहिलेल्या मीटरवर आपण भरोसा ठेवत नाही. उलगडून मोजतो आणि कमी भरला तर तिथल्या तिथे पैसे कापतो. तोच व्यापारी, तोच कारागीर वीस-पंचवीस वर्षांची हलाल कमाई पहिल्या घरात घालतो, तेव्हा मात्र दलालाने चालत दाखवलेल्या हद्दीवर समाधान मानतो. ‘आपल्याच मोहल्ल्यातला माणूस आहे, खोटे कशाला बोलेल?’ एवढ्यावर लाखोंचा सौदा होतो.

मीही हेच केले. जागा कागदावर तीस बाय वीस, म्हणजे ६०० चौरस फूट होती. खरेदीखत नोंदवले, निश्चिंत झालो. पायासाठी दोरी लावली तेव्हा तीस फुटांच्या बाजूने शेजाऱ्याची भिंत दोन फूट आत निघाली. ६० चौरस फूट, म्हणजे दहा रुपयांतला एक रुपया गेला. शेजारी लबाड नव्हता. त्यालाही हद्द कुणी दाखवली नव्हती. पण जुम्याला एकाच सफेत उभे राहणाऱ्या आम्हा दोघांचा सलाम वर्षभर बंद होता.

दुय्यम निबंधक जागेवर येऊन काही मोजत नाहीत. दस्तातले क्षेत्र पक्षकारांनी लिहिलेले असते. सातबारा किंवा सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका क्षेत्र सांगते, पण भिंत हद्दीवर आहे की नाही हे सांगत नाही. ते भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीतून कळते.

मोजणीचा अर्ज ज्याच्या नावावर जागा आहे त्यानेच करायचा असतो. तो आता ऑनलाइनही होतो. म्हणून विसार देतानाच लिहून घ्यावे की मोजणी विकणारा करून देईल आणि क्षेत्र कमी भरल्यास किंमत त्या प्रमाणात कमी होईल. लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते. त्या दिवशी स्वतः हजर राहावे, खुणा डोळ्यांनी पाहाव्यात.

नंतर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. त्यावर रेकॉर्डची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवतात. दोन्ही जुळल्या तर ठीक. वहिवाट आत असेल तर आपली जागा दुसऱ्याकडे आहे, बाहेर असेल तर दुसऱ्याची आपल्याकडे. कागदावर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ६०० फुटांचा सौदा असेल तर ५५.७४ हा आकडा दिसला पाहिजे.

शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या वस्त्यांत जास्त सावध राहावे. एकाच सातबाऱ्यावर दहा-वीस नावे सामाईक असतील आणि मंजूर लेआउट नसेल, तर आपला प्लॉट सरकारी नकाशावरच नसतो. मग मोजणार काय? अशी जागा नुसत्या नोटरीच्या कागदावर तर कधीच घेऊ नये.

मोजणीने मालकी सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यासाठी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

मोजणी मागितली तर समोरच्याला अविश्वास वाटेल, असा संकोच अनेकांना होतो. पण व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम खुद्द कुरआनात, सूरह बकरामध्ये आहे. दुसऱ्याची वीतभर जमीन बळकावणाऱ्याचा अंजाम किती भयंकर आहे, हे हदीसमध्ये आले आहे. मोजणी आपल्याला नुकसानीपासून वाचवते, तशी नकळत होणाऱ्या या गुनाहपासूनही वाचवते. तेव्हा बांधवांनो, आधी मोजणी, मग पैसे.